थोरल्या वाफ्याचा बांध

"टाच आधी गं टेकव, मग बोटांनी दाब दे. खारं पाणी पाहुणं, त्याला बसाया जागा दे."

आबांचा आवाज काही गोड नव्हता. पातेल्याच्या तळाला पळी घासावी तसा होता तो. तरी त्या आवाजामागे अख्खं घर एका रांगेत चालायचं. मिठाच्या वाफ्याचा तळ पायांनी तुडवून तुडवून दगडासारखा करावा लागतो, तेव्हा कुठं त्यात पाणी ठरतं, उन्हानं आटतं आणि मीठ धरतं. आबा पुढे, त्यांच्यामागे बाबा, बाबांमागे आई, आणि सगळ्यांच्या मागे सहा वर्षांची नात. तिच्या पायांनी चिखलाला काडीचा फरक पडत नव्हता, तरी आबा वळून तिचे ठसे बघायचे आणि म्हणायचे, ही टिटवी बघा, आभाळ डोक्यावर घेतल्यासारखी चालते.

टिटवी हे नाव तेव्हा चिकटलं ते चिकटलंच. आता ती छत्तीस वर्षांची होती आणि आबांना जाऊन तीस वर्षं होत आली होती. मधे तिचं लग्न झालं, दोन वर्षांत ती परत आली. कुणी कारण विचारलं की म्हणायची, तिकडचं पाणी गोडं होतं, मला मानवलं नाही. विचारणारा हसायचा, आणि हसला की पुढचं विचारायचं विसरायचा. तेवढ्यासाठीच ती ते म्हणायची.

मिठागर लहानच. खाडीच्या अंगाला पाच वाफे, एकामागे एक, पायरीसारखे. खाडीला लागून होता तो थोरला. भरतीचं पाणी आधी थोरल्यात घ्यायचं, तिथून दुसऱ्यात सोडायचं, मग तिसऱ्यात. पाणी पुढं सरकत जातं तसं दाट होत जातं आणि शेवटच्या दोन वाफ्यांत मीठ पांढरं फुलतं. थोरला आणि खाडी यांच्यामधे छातीएवढा मातीचा बांध होता. तो बांध फुटला तर पाचही वाफे गेले.

या पावसाळ्यात तो फुटला. पाऊस उघडला आणि घरातले सगळे बघायला गेले, तर बांधाला बारा पावलांची खांड पडलेली. पाणी येत होतं, जात होतं, जसं काही त्याच्या बापाचं घर असावं. आणखी आठ दिवसांनी पुनवेचं उधाण होतं, वर्षातलं सगळ्यात मोठं. त्याच्या आत खाडीला अडवलं नाही तर या वर्षी मीठ नाही. आणि सगळ्या वाफ्यांचा तळ एकदा खरवडून गेला की पुढच्या वर्षीही नाही.

बाबांनी दोरी काढली. बांधाच्या दोन टोकांना आबांनी ठोकलेले दोन खुंट होते. दर हंगामाला बाबा त्या खुंटांमधे दोरी ताणायचे आणि बांध बोटभरही इकडचा तिकडं होऊ द्यायचे नाहीत. हंगामातली पहिली माती या बांधालाच पडायची, घराचं छप्पर गळत असलं तरी. आणखी एक शिरस्ता होता: थोरल्याची माती थोरल्यालाच. म्हणजे बांधाला लागणारी सगळी माती त्याच वाफ्याच्या तळातून खणून काढायची, बाहेरची एक पाटी आणायची नाही. हे कुणी ठरवलं होतं? आबांचं आहे म्हटलं की विषय संपायचा.

खणून खणून थोरला खाली गेला होता. तीस वर्षांच्या पाट्या काही हवेतून आलेल्या नव्हत्या. गेली सात वर्षं थोरल्यातलं पाणी आपसूक दुसऱ्यात जात नव्हतं. दोन बाजूंना दोऱ्या बांधलेला पत्र्याचा डबा घेऊन आई आणि बाबा समोरासमोर उभे राहायचे आणि झोके देत पाणी वर फेकायचे. आईच्या उजव्या खांद्यातून तेव्हापासून दार उघडल्यासारखा आवाज येत होता. एवढं करून मीठ यायचं ते करड्या रंगाचं. मागच्या हंगामात व्यापाऱ्याच्या माणसानं चिमूट जिभेवर ठेवली, थुंकला आणि रुमालानं जीभ पुसली. मासळीला लावायला बरंय, एवढं म्हणून त्यानं हातातली मूठ जमिनीवर झटकली. बाबा खाली बसले आणि ते मीठ वेचून परत ढिगावर ठेवत राहिले. टिटवी शेजारी उभी होती. बाबांच्या मानेचं मागचं हाड तिला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं.

तर आता बाबा दोरी ताणत होते आणि टिटवी ओहोटीच्या पाण्यात उतरली होती. हातात काठी. थोरल्यात काठी रोवली, पाण्याची खूण नखानं ओरखडली. मग मधला वरंबा ओलांडून दुसऱ्या वाफ्यात रोवली, पुन्हा खूण केली. थोरल्यात पाणी तिच्या गुडघ्याच्या वर होतं, दुसऱ्यात घोटाही बुडत नव्हता. दोन खुणांत तिच्या कोपरापासून बोटांपर्यंतचं अंतर होतं.

दुपारी जेवताना तिनं काठी भिंतीला टेकवून ठेवली. धाकटा भाऊ शहरात ट्रक चालवायचा. आठ दिवसांची रजा काढून आला होता. त्यानं विचारलं, ही काठी कुणाच्या पाठीसाठी?

टिटवी म्हणाली, थोरला वाफा सोडून देऊ. मधला वरंबा गुडघाभर आहे तो छातीइतका चढवू, त्यालाच बांध करू. चाळीस पावलांचं काम आहे, चौघं लागलो तर उधाणाच्या आत होईल. चार वाफे राहतील, पण चारही चालतील. आणि डबा फेकून देऊ.

बाबांनी घास चावून संपवला. पाणी प्यायले. मग ते म्हणाले, "आबांनी जीव दिलाय त्या बांधासाठी."

या वाक्याची त्या घरात ठरलेली जागा होती. धाकट्यानं शहरात नोकरी धरली तेव्हा ते आलं होतं. टिटवी सासरहून परतली त्या संध्याकाळीही आलं. आईचा खांदा दाखवायला दवाखान्यात जायचं निघालं तेव्हा आलं आणि दवाखाना राहून गेला. ते वाक्य आलं की सगळे आपापल्या ताटात बघायचे, आणि ताटात काही नसलं तरी बघत राहायचे. उधाणाच्या दिवशी आबा खांड बुजवायला पाण्यात उतरले आणि परत आले नाहीत, हे सगळ्या मिठागरांना ठाऊक होतं. वाटेनं जाणारे लोक तो बांध अजून एकमेकांना देऊळ दाखवावं तसा दाखवायचे.

टिटवीनं ताटात बघितलं नाही.

"एक जीव घेतलाय ना त्यानं? मग आता आमचे कशाला घेतोय?"

आईच्या हातातली पळी तशीच राहिली. बाबा उठले, हात धुतले आणि दोरीकडे निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी टिटवी पाटी आणि फावडं घेऊन निघाली. खांडीकडे वळायच्या जागी ती वळली नाही. मधल्या वरंब्यावर जाऊन उभी राहिली, पदर खोचला आणि पहिली पाटी टाकली. पन्नास पावलांवर बाबांनी त्याच वेळी खांडीत पहिली पाटी टाकली. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही. दोघांचीही पाठ वाकायची तऱ्हा मात्र एकच: डावा पाय मागे, मान ताठ, आणि उठताना तोंडातून हलका हुंकार.

धाकट्याची पंचाईत झाली. तो आईला म्हणाला, मी कुठल्या पक्षात जाऊ ते सांग. आई म्हणाली, जिथं घाम येईल तिथं जा. मग त्यानं वाटणी केली, सकाळी बापाचा आणि दुपारी बहिणीचा. खांडीत कमरेएवढ्या पाण्यात माती टाकली की भरती ती चाटून न्यायची. धाकटा दुपारी येऊन टिटवीला सांगायचा, तिकडं आम्ही समुद्राला जेवू घालतोय, तो अजून पोट भरलं म्हणत नाहीये.

शेजारच्या मिठागरांवरचे लोक येता जाता थांबायचे. एक जण म्हणाला, एका घराला दोन समुद्र लागले. दुसऱ्यानं बाबांना हाक मारून विचारलं, काय हो, लेकीनं तुम्हाला हद्दीबाहेर काढलं वाटतं? बाबांनी ऐकलं नसल्यासारखं केलं, पण त्यांच्या फावड्याचा घाव चुकला आणि पात्याची कड त्यांच्याच नडगीला लागली. रक्त खाऱ्या पाण्यात उतरलं. खारं पाणी जखमेला काय करतं ते तिथं पोरासोरांनाही माहीत असतं. बाबा कळवळले नाहीत. टिटवीनं ते लांबून पाहिलं, तिनं एक पाऊल उचललं आणि पुन्हा होतं तिथंच ठेवलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी आई घरातून निघाली. आदल्या दिवशी तिची पाटी बाबांच्या बाजूला पडली होती. आज ती वळणावर थांबली, दोन्हीकडे बघितलं आणि टिटवीच्या मागे येऊन उभी राहिली. बाबांनी फावड्यावर रेलून बघितलं. आईनं त्यांच्याकडे पाठ केली आणि पाटी भरायला घेतली. दोघींनी दुपारपर्यंत पाट्या टाकल्या. मग सावलीला बसल्यावर आई खांदा चोळत म्हणाली, "तीस वर्षं त्या बांधाला मी सवत मानलंय. सवत निदान म्हातारी तरी होते. ही दरवर्षी नवी होऊन येते."

टिटवीला हसू फुटलं. आईलाही फुटलं. पन्नास पावलांवर बाबांनी मान वर केली आणि परत खाली घातली.

चौथ्या, पाचव्या दिवशी वरंबा कमरेला आला. सहाव्या दिवशी सकाळी दोघी आल्या तर तो बसला होता. दुसऱ्या वाफ्यातला ओला गाळ तो. स्वतःच्याच भारानं फुगला, चिरला आणि भाकरी पाण्यात पडावी तसा पसरला होता. चार दिवसांचं काम गुडघ्याखाली आलेलं. टिटवी त्यात हात घालून बघत राहिली. बोटांमधून गाळ तुपासारखा निसटत होता. त्या गाळावर बांध उभा राहणार नव्हता. त्याला घट्ट, मुरलेली, तुडवलेली माती हवी होती, कणीक मळल्यासारखी. अशी माती तयार व्हायला वर्षं लागतात.

धाकटा म्हणाला, ट्रकभर मुरूम आणला असता, पण इथवर रस्ताच नाही. उधाण परवा दुपारी होतं.

आई पायानं गाळ चाचपत होती. शेवटी तीच म्हणाली, घट्ट माती एका ठिकाणी आहे. आणि हनुवटीनं थोरल्याच्या बांधाकडे दाखवलं.

खांड सोडली तर दोन्ही बाजूंना तो बांध अजून उभा होता. आबांनी घातलेला, बाबांनी तीस वर्षं लिंपलेला, दर हंगामाला टाचांनी ठोकलेला. त्याच्यावर कुदळ मारली तर ठिणगी पडेल अशी माती. टिटवी बराच वेळ त्याच्याकडे बघत होती. मिठागरावर कुणी आपल्याच हातानं खाडीकडचा बांध खणल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं. चोर नाही खणत, वैरी नाही खणत. तिनं खांद्यावर कुदळ घेतली.

बाबांनी तिला येताना पाहिलं. ते खांडीतून वर आले. नडगीला फडकं बांधलेलं, त्याचा रंग मातीत हरवलेला. ती जिथं कुदळ टेकवणार होती तिथं येऊन ते बांधाच्या माथ्यावर उभे राहिले.

"मग आधी मला खण."

"तुम्ही उभे राहा," टिटवी म्हणाली. "मी बाजूनं खणते."

आणि तिनं खणलं. पहिल्या घावाला माती उडाली, ढेकूळ निघालं ते विटेसारखं. त्यात तीस वर्षांच्या थरांच्या रेघा दिसत होत्या, एकावर एक, करड्या, काळ्या, पुन्हा करड्या. धाकट्यानं पाटी भरली. आईनं ती त्याच्या डोक्यावर चढवली. धाकटा नव्या बांधाकडे धावत गेला, परत आला. टिटवी घाव घालत होती आणि बाबा तिच्या डोक्यावर उभे होते, हात लोंबत सोडलेले, नजर खाडीकडे. त्यांनी तिचा हात धरला नाही. कुदळ हिसकावली नाही. शिवी दिली असती तर तिला सोपं गेलं असतं. शिवीला उत्तर देता येतं.

त्या दिवशी अंधार पडेपर्यंत बांधाची डावी बाजू गेली. सातव्या दिवशी सकाळी ती आली तर बाबा आधीच येऊन उरलेल्या उजव्या बाजूवर उभे. तिनं पुन्हा त्यांच्या दोन्ही अंगांनी खणायला घेतलं. ऊन चढलं. शेजारच्या मिठागरांवरचे लोक काम सोडून गोळा झाले. कुणीतरी म्हणालं, म्हाताऱ्याला खाली उतरवा, उन्हानं पडेल. कुणी म्हणालं, लेक आहे की कोण आहे ही. टिटवीनं घाम पुसला आणि त्या लोकांकडे वळून म्हणाली, फावडी आणली असतील तर या, नुसती तोंडं आणली असतील तर खाडी त्या बाजूला आहे. दोघं जण हसले आणि खरंच पाट्या उचलायला आले. बाकीचे पांगले.

नवा बांध कमरेवर गेला. टिटवीची माती घट्ट बसत होती, टाच मारली की वाजत होती. चाळीस पावलांपैकी तीस झाली. पस्तीस झाली. दुपार कलंडली तेव्हा थोरल्याचा बांध कुठंच उरला नव्हता, एक सोडून. पाण्यात एक मातीचा ठोकळा उभा होता, सुपाएवढा माथा असलेला, आणि त्यावर बाबा. चारी बाजूंनी खाडी मोकळी आत येत होती, जात होती. वारा त्यांच्या अंगरख्यात शिरत होता. त्यांना पाय हलवायलाही जागा नव्हती, म्हणून ते दोन्ही पाय जुळवून उभे होते, पहिल्या दिवशी शाळेत उभं केलेल्या पोरासारखे.

आई पाण्याचा तांब्या घेऊन गेली. गुडघाभर पाण्यात उभी राहून तिनं तो वर केला. बाबांनी घेतला, प्यायले, थोडं पाणी तोंडावर मारलं. आईनं रिकामा तांब्या घेतला पण ती परत फिरली नाही.

पाच पावलांची माती कमी होती. उद्या दुपारी उधाण. टिटवी आली आणि ठोकळ्यासमोर उभी राहिली. तिच्या तळहातांचे फोड फुटून कुदळीचा दांडा ओला झाला होता.

"बाबा, उतरा. एवढीच राहिलीय."

बाबा हलले नाहीत.

"तुम्ही उतरला नाहीत तर मी खालून खणीन. मग तुम्ही पडाल, आणि मी तुम्हाला उचलीन आणि परत खणीन. मी आबांच्या बांधाला भीत नाही. उद्या पाणी आत आलं तर आईला पुन्हा डबा धरावा लागेल, तो मी धरू देणार नाही. उतरा."

बाबांनी तिच्या हातांकडे बघितलं. मग आईच्या खांद्याकडे. मग ते सावकाश खाली बसले, ठोकळ्याची कड धरली आणि पाण्यात उतरले. जखमेचा पाय पाण्याला लागला तसे थरथरले. टिटवीनं हात पुढं केला; त्यांनी तो धरला नाही, पण झिडकारलाही नाही. त्यांनी तिच्या हातून कुदळ घेतली. आईला वाटलं आता मारतात की काय. त्यांनी कुदळ उचलली आणि आपण उभे होतो त्याच जागी, दोन्ही पावलांच्या ठशांच्या मधोमध, घाव घातला. ठोकळा चिरला. दुसरा घाव घातला. मोठं ढेकूळ सुटलं ते त्यांनी दोन्ही हातांनी उचललं, छातीशी धरलं आणि तसेच उभे राहिले. धाकट्यानं पाटी पुढं केली, ती त्यांना दिसली नाही.

"आबा यासाठी गेले नाहीत," ते म्हणाले.

टिटवीला वाटलं ते स्वतःशी बोलतायत.

"त्या दिवशी ते म्हणाले, हा वाफा जाऊ दे. समुद्राला हवाय तर घेऊ दे, आपण एक पायरी मागं सरू. हेच, तू म्हणालीस तेच. मी म्हटलं, तुम्ही म्हातारे झालात, भ्यालात. लोकांदेखत म्हटलं. आणि फावडं घेऊन खांडीत उतरलो." ढेकूळ त्यांच्या हातात विरघळायला लागलं होतं, मनगटांवरून पाणी ओघळत होतं. "पाणी गळ्याशी आलं तेव्हा मला मागं फिरताही येईना. ते आले. माझ्या काखेत हात घालून त्यांनी मला काठावर लोटलं. मी काठ धरून वळलो, तर मागं कुणी नव्हतं."

आईच्या हातातला तांब्या पाण्यात पडला. कुणी तो उचलला नाही.

"मी सगळ्यांना सांगितलं, बांधासाठी गेले. तुझ्या आईला सांगितलं. तुम्हाला रोज सांगत आलो, कुणी काही मागितलं की सांगत आलो." त्यांनी मान वर केली आणि तीस वर्षांत पहिल्यांदा लेकीच्या डोळ्यांत बघितलं. "बांधासाठी नाही गेले गं. ते मला घरी न्यायला आले होते."